अनुभव धागा : तक्रार नसताना केलेली मॅमोग्राफी

संयोजक
स्तनात गाठ नाही, स्राव नाही, दुखणे नाही, आणि तरीही डॉक्टरांनी 'चाळिशी उलटली आहे, एकदा मॅमोग्राफी (स्तनांची क्ष-किरण तपासणी) करून घ्या' असे सांगितले, की बहुतेकींच्या मनात पहिला प्रश्न येतो तो 'फार दुखते का?' हा. दुसरा सहसा उघडपणे विचारला जात नाही, तो म्हणजे 'तिथे तपासायला कोण असते?'. गाठ लागल्यावर केलेल्या तपासणीची वाट थोडी निराळी असते, म्हणून इथे केवळ चाळणी म्हणून, म्हणजे काही तक्रार नसताना केलेल्या तपासणीबद्दल लिहावे. केंद्राचे आणि डॉक्टरांचे नाव देऊ नये. 'काही होत नाही, घाबरू नका' असा दिलासा सगळ्याच देतात. प्रत्यक्षात काय घडले ते लिहिले तर वाचणारीला त्याचा अधिक उपयोग होईल.

पुणे, वय ४७, शिक्षिका
फोनवर वेळ ठरवतानाच मला पाळीची तारीख विचारण्यात आली आणि पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यातला दिवस देण्यात आला, कारण त्या दिवसांत स्तन कमी हुळहुळे असतात. आंघोळीनंतर पावडर, डिओडरंट किंवा क्रीम लावू नका, अशीही सूचना होती. मी साडी नेसून गेले. त्याऐवजी कुर्ता-सलवार घातली असती तर सोयीचे झाले असते, कारण कमरेच्या वरचे सगळे कपडे आणि गळ्यातले मंगळसूत्र काढून पुढून उघडणारा गाऊन घालावा लागतो. बोगद्यासारख्या यंत्रात आडवे व्हावे लागेल असे मला वाटत होते, परंतु ही तपासणी उभ्यानेच होते. टेक्निशियन बाईंनी यंत्राची उंची माझ्या मापाने जुळवली, स्तन हाताने उचलून पट्टीवर नीट पसरला आणि 'खांदा सैल सोडा, मान त्या बाजूला वळवा' असे सांगून वरची पारदर्शक पट्टी खाली आणली. दाब वाढत गेला आणि 'आता श्वास रोखा' म्हणेपर्यंत खरोखरच कळ आली, पण चित्र निघताच पट्टी आपोआप सुटली. प्रत्येक बाजूची दोन चित्रे काढतात, एक वरून आणि एक तिरके. तिरक्या चित्रात काखेकडचा भागही यावा लागत असल्यामुळे पट्टीची कड फासळ्यांवर रुतते, आणि मला सर्वांत जास्त दुखले ते तिथेच. संपूर्ण काम वीस मिनिटांच्या आत उरकले.

कोल्हापूर, मॅमोग्राफी टेक्निशियन
मी तपासणी करून घेणारी नसून करणारी आहे, तरी लिहिण्याची परवानगी गृहीत धरते. दाब का देता, असे रागाने विचारणाऱ्या पुष्कळ जणी भेटतात. स्तन चपटा झाला की एकावर एक आलेले थर वेगळे दिसतात, हालचालीने चित्र पुसट होत नाही आणि क्ष-किरणेही कमी लागतात. चार चित्रांच्या नेहमीच्या तपासणीत मिळणारी मात्रा सुमारे ०.४ मिलिसीव्हर्ट असते, म्हणजे निसर्गातून आपल्याला साधारण सात आठवड्यांत जेवढे किरण मिळतात तेवढीच. पावडर आणि डिओडरंट यांतले कण चित्रात पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसतात, आणि आम्ही शोधत असतो ते कॅल्शियमचे कणही तसेच दिसतात. त्यामुळे ते पुसून पुन्हा चित्र काढण्याची वेळ येते. असह्य झाले तर 'थांबा' म्हणावे, आम्ही थांबतो. गरोदर असल्याची शंका असेल, अंगावर पाजत असाल किंवा स्तनात इम्प्लांट असेल, तर ते आधीच सांगावे. आणि मागच्या तपासणीच्या फिल्म किंवा सीडी घरी कपाटात ठेवून येऊ नये, कारण एखादी सावली नवी आहे की पाच वर्षांपासून तशीच आहे, हे त्याशिवाय समजत नाही.

लेस्टर, इंग्लंड, वय ५४
येथे वयाच्या ५० ते ७१ या काळात दर तीन वर्षांनी बोलावणे येते आणि पहिले पत्र ५३वा वाढदिवस होण्यापूर्वी मिळते. माझी तपासणी गाडीतळावर उभ्या केलेल्या फिरत्या व्हॅनमध्ये झाली. तपासणाऱ्या सगळ्या स्त्रियाच असतात. निकाल पत्राने आला. सर्व ठीक होते.

नागपूर, वय ५२
मला यंत्राचा त्रास फारसा झाला नाही, रिपोर्टचा झाला. तो रात्री फोनवर आला आणि शेवटच्या ओळीत 'बायरॅड्स शून्य' असे लिहिलेले होते (बायरॅड्स म्हणजे मॅमोग्राफीचा निकाल आकड्यांत सांगण्याची मोजणी). शून्य म्हणजे काहीच निघाले नाही, असा आमच्या ह्यांनी अर्थ लावला आणि घरात पेढे आणण्याची भाषा सुरू झाली. मी मात्र वरचा मजकूर वाचला होता आणि त्यात डाव्या बाजूला एक सावली दिसत असल्याचा उल्लेख होता. दुसऱ्या दिवशी समजले की या मोजणीत शून्याचा अर्थ 'चित्र अपुरे आहे, आणखी पाहावे लागेल' असा असतो. निश्चिंत राहण्याचे आकडे एक आणि दोन हे आहेत. तीन आल्यास कर्करोगाची शक्यता दोन टक्क्यांहून कमी मानतात आणि बहुधा सहा महिन्यांनी पुन्हा बोलावतात, तर चार किंवा पाच आल्यास सुईने तुकडा काढून तपासण्याचा सल्ला देतात. मला पुन्हा बोलावून त्याच जागी लहान पट्टीने दाब देऊन चित्र काढले आणि नंतर सोनोग्राफी केली. पाण्याने भरलेली साधी गाठ निघाली आणि अंतिम आकडा दोन झाला. ही उकल रिपोर्टबरोबरच दोन ओळींत दिली असती, तर आमच्या घरातली ती रात्र वाचली असती, असे माझे स्पष्ट मत आहे.

ठाणे, सासूबाईंसोबत गेलेली सून
सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत आणि त्यांचा उजवा खांदा आखडलेला आहे. हात वर जात नसल्याने तिरके चित्र काढायला वेळ लागला. टेक्निशियन बाईंनी यंत्र अधिक कलते केले आणि स्टुलावर बसवून ते काम पूर्ण केले. संयोजकांच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल सांगायचे, तर मॅमोग्राफी करणारी स्त्री होती, पण त्यानंतरची सोनोग्राफी पुरुष डॉक्टरांनी केली. सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "अगं, बाई डॉक्टर नाहीत का?" आम्ही विनंती केल्यावर एक सिस्टर पूर्ण वेळ जवळ उभ्या राहिल्या. ही चौकशी वेळ घेतानाच करावी, कारण टेबलावर पडल्यावर ती करण्याचा धीर होत नाही.

सातारा जिल्हा, आरोग्यसेविका
वरचे सर्व अनुभव शहरांतले आहेत. आमच्या उपकेंद्रात मॅमोग्राफी नाही. राष्ट्रीय कार्यक्रमानुसार तीस वर्षांपुढच्या स्त्रियांच्या स्तनांची तपासणी हाताने केली जाते आणि शंका आल्यास पुढे पाठवतात. ही तपासणी कमी दर्जाची आहे असे समजू नये. मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर अभ्यास केला. दर दोन वर्षांनी प्रशिक्षित सेविकांनी हाताने तपासणी केलेल्या गटात, पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये मात्र तसा फरक दिसला नाही. गावातल्या बायका तपासणीला येतात, पण पुढे जिल्ह्याला पाठवले की निम्म्या वाटेत अडतात, कारण सोबत यायला कोणी नसते आणि दिवसाची मजुरी बुडते.

मडगाव, वय ४५
माझा रिपोर्ट स्वच्छ होता. त्यात 'स्तन दाट आहेत' एवढे एक वाक्य होते आणि त्याचा अर्थ मला कोणी सांगितला नव्हता. दाट स्तनातल्या ग्रंथी चित्रात पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच दिसते, त्यामुळे ती लपून राहू शकते. पुढच्या तपासणीची तारीख येण्याआधीच मला आंघोळ करताना कडक गाठ लागली. रिपोर्ट चांगला आहे, मग कशाला, असे घरात म्हटले गेले, पण मी त्याच आठवड्यात सर्जनकडे गेले. सोनोग्राफी आणि बायोप्सीत कर्करोग निघाला, गाठ लहान होती, शस्त्रक्रिया झाली आणि आता किरणोपचार चालू आहेत. जुन्या फिल्म सर्जनांनी मागवून घेतल्या आणि रेडिऑलॉजिस्टबरोबर पुन्हा पाहिल्या. गाठीच्या जागी तेव्हा काहीच वेगळे दिसत नव्हते.