मदत हवी आहे: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खरंच गेलाय का?

नमस्कार मंडळी. गाडी पेट्रोल हॅचबॅक, २०१४ ची, ९२ हजार किमी झालेली. राहतो मालवणात. रोजची धाव घर ते बाजार, बाजार ते जेटी, फार तर तीन किमी; इंजिन तापायच्या आत बंद. महिन्यातून एकदा कुडाळ, तेवढीच काय ती लांबची.

गणपतीआधी चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनरवर कोड आला पी ०४२०, म्हणजे कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला, धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) नीट काम करत नाही. गॅरेजवाल्याने गाडीखाली न वाकताच निकाल दिला, कन्व्हर्टर गेला, नवा टाका. किंमत ऐकून घाम फुटला. (आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम; म्हणजे सोनाराकडेच गेल्यासारखं!)

चूक माझीही आहे. पावसात एक सिलिंडर मिस करत होता, तशीच दामटली. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये पेटून आतली जाळी वितळते, हे नंतर कळलं. आता प्लग, कॉइल बदललेत, पिकअप बरा आहे.

काल स्वतः खाली शिरलो. खाऱ्या वाऱ्याने हीट शील्डचे बोल्ट खाल्लेत, पत्रा खडखडतो. एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडच्या जोडावर काळा डाग, बोट फिरवलं तर काजळी. तिथून बाहेरची हवा ओढली जात असेल तर सेन्सर फसून हाच कोड देतो ना? मग आधी गॅस्केट बदलून पाहू का?

आणि आठवड्यातून एकदा कसालपर्यंत अर्धा तास सलग पळवली तर साठलेली काजळी जळते का? पेट्रोलमध्ये टाकायच्या क्लीनरचा कुणाला खरंच गुण आलाय? दुकानदाराचं नको, स्वतः वापरलेल्याने सांगा.

कुडाळ-सावंतवाडीकडे एक्झॉस्टचा बॅकप्रेशर (धूर अडला की मागे साठणारा दाब) मोजून देणारा कुणी असेल तर तेही कळवा.