मोफत मुक्तस्रोत साधन चुकले, तर तक्रार कोणाकडे आणि कितपत करावी?

मुद्रक_कुडाळ

नमस्कार. कुडाळात आमचा छोटा छापखाना असून तेथून एक साप्ताहिक निघते. जुन्या अंकांचा मजकूर युनिकोड ही अक्षरांची सर्वमान्य संकेतपद्धती रूढ होण्यापूर्वीच्या फाँटमध्ये जुळवलेला असल्यामुळे तो संकेतस्थळावर आणण्यासाठी आम्ही एक मुक्तस्रोत, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही पाहता आणि बदलता येतो असा, फाँट-परिवर्तक वापरतो. काम बहुतांशी नीट होते, मात्र रफार आणि ‘ऱ्य’मधला अर्धा र यांत त्याची गल्लत होते. ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ असे छापलेले ‘सह्याद्रीच्या दर्या’ होऊन बाहेर पडते, आणि मालवण-वेंगुर्ल्याच्या बातम्यांत खराखुरा दर्याही येत असल्याने सगळीकडे एकदम बदल करून भागत नाही. पावसाळ्यापूर्वी मी प्रकल्पाच्या पानावर तक्रार नोंदवली. दिवाळी उलटल्यावर मेंटेनरचे, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याचे, एका ओळीचे उत्तर आले की सध्या वेळ नाही, कोणी दुरुस्ती पाठवली तर पाहीन. हे साधन बसवून देणारा विक्रेता दरवर्षी देखभालीचे पैसे घेतो, पण सॉफ्टवेअर आपले नाही म्हणून हात वर करतो. ज्याने साधन लोकांपुढे ठेवले, त्याच्यावर ते चालते ठेवण्याचे काही बंधन असते की नाही?

वकील_चिपळूण

कायद्यापुरते सांगतो. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर ज्या अटींवर दिले जाते, त्यांतल्या एमआयटी या प्रचलित परवान्यात सॉफ्टवेअर ‘आहे तसे’, कोणत्याही हमीशिवाय दिले जाते असे स्पष्ट लिहिलेले असते. जीपीएल या दुसऱ्या प्रचलित परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीत हीच गोष्ट कलम 15 आणि 16 मध्ये येते. शिवाय ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मधील ‘सेवा’ या संज्ञेतून विनामूल्य दिलेली सेवा वगळलेली आहे. त्यामुळे मेंटेनरविरुद्ध आपला दावा उभा राहत नाही.

विक्रेत्याची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण त्याने मोबदला घेतलेला आहे. अर्थात व्यापारी हेतूने घेतलेली सेवाही त्या कायद्यातून सुटते, आणि स्वयंरोजगाराचा अपवाद छापखान्याला लागू होईल की नाही हे कागदपत्रे पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही; पण साधा कराराचा कायदा तर आहेच. देखभालीच्या पावतीवर काय लिहिले आहे, ते आधी पाहा. युरोपीय संघाच्या डिजिटल उत्पादनांच्या सुरक्षेविषयीच्या 2024 च्या सायबर रेझिलियन्स कायद्याचा कलही असाच आहे: त्यातील मुख्य जबाबदाऱ्या 11 डिसेंबर 2027 पासून लागू होतील आणि त्या बाजारात उत्पादन विकणाऱ्यावर पडतील, व्यापारी हेतूविना कोड प्रसिद्ध करणाऱ्यावर नव्हे.

खाडीकाठ_दापोली

मी स्वतः दोन लहान प्रकल्प सांभाळतो, तेव्हा माझे मत एका बाजूचे आहे असे धरूनच वाचावे.

मला आपल्या तक्रारीत काहीच वावगे वाटत नाही. चूक नोंदवणे हा वापरणाऱ्याचा अधिकारच आहे, आणि ‘फुकट मिळते ना, मग गप्प बसा’ हे उत्तर मला उर्मट वाटते. पण चूक दाखवणे आणि ती अमुक दिवसांत सुधारून मागणे यांत मोठे अंतर आहे. वाडीतल्या पाखाडीचा चिरा निखळला, तर तो पाहणाऱ्याने सांगावा. ज्याने श्रमदानाने तो बसवला होता, त्याच्याकडून मजुरीचा हिशेब मागू नये.

हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नाही. एक्सझेड यूटिल्स या फाइली आकसवणाऱ्या, लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीच्या जवळजवळ प्रत्येक वितरणात असणाऱ्या प्रकल्पाचे उदाहरण घ्या. एकट्याने आणि विनामोबदला तो सांभाळणाऱ्या मेंटेनरवर 2022 मध्ये काही अनोळखी नावांनी दबाव आणला गेला, की काम संथ आहे, दुसऱ्याला सूत्रे द्या. ती नावे बनावट असावीत असे आता मानले जाते. ज्या ‘मदतनिसा’ला हळूहळू अधिकार मिळाले, त्याने 2024 मध्ये 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरवाट, म्हणजे संगणकात गुपचूप शिरण्याची सोय, घातली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला, म्हणजे दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरायला, सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले, त्याने मुळापर्यंत शोध घेतला आणि 29 मार्च 2024 रोजी हे उघड केले, म्हणून मोठा अनर्थ टळला. थकलेल्या माणसाला तक्रारींनी आणखी थकवणे हाच तेथे घुसखोरीचा मार्ग झाला.

मेंटेनरवर बंधन असेल तर ते दुरुस्तीचे नसून खरे सांगण्याचे आहे. वेळ नसेल तर तसे ठळक लिहावे, प्रकल्प थांबला असेल तर तो संग्रहित म्हणून घोषित करावा, आणि सुरक्षेचा दोष लपवू नये.

मुद्रक_कुडाळ

खरे सांगण्याचे बंधन आपण मान्य करता, तर माझा मुद्दा तेथेच आहे. त्या प्रकल्पाच्या मुखपृष्ठावर ‘मराठी वृत्तपत्रांसाठी पूर्णपणे सज्ज’ असे लिहिलेले आहे, आणि तेच वाचून आम्ही वीस वर्षांचे अंक त्याच्या हवाली केले. परवान्यात हमी नाकारायची आणि दर्शनी पानावर हमी द्यायची, हे मला पटत नाही.

खाडीकाठ_दापोली

येथे आपण बरोबर आहात. ते वाक्य काढावे, किंवा रफाराची मर्यादा त्याखाली लिहावी, अशी स्वतंत्र नोंद करा. तो पाच मिनिटांचा बदल आहे आणि तो मागताना संकोच करण्याचे कारण नाही.

अक्षरजुळारी_मालवण

दुरुस्तीविषयी थोडे. जुन्या फाँटमध्ये मजकूर डोळ्यांना दिसतो त्या क्रमाने साठवलेला असतो, म्हणजे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये हा क्रम उलटा लागतो. अर्धा र मात्र रफार नव्हे, तो ‘ऱ’ आणि हलन्त असा लिहावा लागतो. परिवर्तकाने दोन्हींना एकच मानले असावे. तसे असेल तर बदल संकेतांच्या तक्त्यातल्या एकदोन ओळींचाच आहे, आणि परवाना मुक्त असल्याने मेंटेनरची वाट न पाहता आपल्या प्रतीत तो करता येतो. नंतर तोच त्यांना पाठवावा.

आपल्या तक्रारीत फाँटचे नाव आणि आवृत्ती, मूळ फाइलचा छोटा नमुना आणि अपेक्षित मजकूर दिला होता का? नाव सारखे असूनही दोन आवृत्त्यांत अक्षरांच्या जागा बदललेल्या मी पाहिल्या आहेत. दोन्ही प्रकारचे र असलेली दहा-बारा वाक्ये आणि फाँटची फाइल येथे ठेवलीत, तर रविवारी मी तक्ता तपासून पाहीन. विक्रेत्याचे देखभालीचे पैसे पुढच्या वर्षी द्यायचे की नाहीत, ते मात्र वकीलसाहेबांनाच विचारा.