पणजी ते देवगड, लहान शिडाची होडी, पहिली रात्र: किनाऱ्याजवळून की बाहेरून?

बेतीकाठ

नमस्कार मंडळी. मी आणि माझा धाकटा भाऊ माघ पौर्णिमेच्या सुमारास शिडाच्या होडीने देवगडला जायचं म्हणतोय. होडी २४ फुटी, मागे ८ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन), मांडवीत बेतीच्या बाजूला असते. दिवसाउजेडी वर शापोरा आणि खाली बेतुलपर्यंत आम्ही जात असतो, पण रात्र समुद्रावर कधी काढलेली नाही. नकाशावर आग्वाद ते देवगड सरळ रेघ मारली तर ५८ सागरी मैल भरतात. ४ नॉटचा, म्हणजे तासाला ४ सागरी मैलांचा, वेग धरला तर संध्याकाळी निघून सकाळी पोचायला हवं.

भावाचं म्हणणं, किनारा धरून जाऊ, दिवे दिसत राहिले की धीर राहतो. मला आतून वाटतंय की बाहेरून जाणं बरं, पण का ते त्याला पटवून देता येत नाही. ज्यांनी या पट्ट्यात रात्री शीड चालवलंय त्यांनी सांगावं.

मालवणी तांडेल

ताई, बाहेरून. आणि ती सरळ रेघ आधी पुसून टाका. निवतीच्या आसपास किनारा पश्चिमेला पुढे आलाय, तुमची रेघ तिथे जमिनीवर चढते. त्याच्याही बाहेर वेंगुर्ला रॉक्स आहेत, आमच्याकडे निवती रॉक म्हणतात. तिथे दीपगृह आहे. खडक आणि किनारा यांच्यामधून आमचे मच्छीमार रोज ये-जा करतात, कारण त्यांचा जन्मच तिथला. तुम्ही रात्री त्या वाटेला जाऊ नका. दीपगृह उजव्या हाताला, निदान ३ मैल लांब ठेवून वळसा घाला आणि मग उत्तरेला लागा. असं केलं तर अंतर ६२ मैलांच्या आसपास जाईल.

भावाला सांगा, किनारा दिसला की धीर येतो हे दिवसाचं खरं. रात्री सिकेरीपासून मोरजीपर्यंत किनाऱ्यावर दिव्यांची रांग असते. त्या झगमगाटात समोरच्या होडीचा एकुलता एक दिवा हरवून जातो. बऱ्याच लहान होड्यांना तर दिवाच नसतो, बॅटरी हातात धरून माणूस बसलेला असतो, तुम्ही अगदी जवळ गेलात की तो ती दाखवणार. जाळी पसरलेली असतात ती वेगळीच. वारा पडला आणि इंजिन रुसलं, तर किनाऱ्याजवळ विचार करायला वेळ मिळत नाही. बाहेर मिळतो.

पण फार बाहेरही जाऊ नका, आणि हे नीट समजून घ्या. तुम्हाला उत्तरेला न्यायचं काम मतलई, म्हणजे रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा, करणार. दुपारचा खारा वारा, समुद्राकडून येणारा, तो वायव्येचा, म्हणजे थेट तोंडावर. तो सूर्यास्तानंतर ढिला पडतो. मग दोन-चार तास काहीच नसतं, शीड नुसतं फडफडतं. जमीन गार झाली की मध्यरात्रीच्या आगेमागे पूर्वेकडून मतलई सुटते, पहाटे जोर धरते आणि सकाळी ९-१० पर्यंत संपते. उत्तरेला जाणाऱ्या होडीला हा वारा बाजूने मिळतो, याहून चांगला वारा मागायचा नाही. पण तो जमिनीचा वारा, जितकं लांब जाल तितका विरळ. किनाऱ्यापासून ८-१० मैलांचा पट्टा धरा, खडकांपाशी आणखी थोडं बाहेर.

आता निघण्याची वेळ. पौर्णिमेला उधाण असतं. दुपारी ओहोटीचं पाणी मांडवीच्या तोंडातून जोरात बाहेर पडतं आणि नेमका त्याच वेळी खारा वारा आत घुसतो. दोन्ही भिडले की तोंडाशी आखूड, उभ्या लाटा उठतात. २४ फुटी होडीला त्यात हाल सोसायची गरज नाही. सकाळच्या भरतीच्या शेवटाला बाहेर पडा, आग्वादच्या डोंगराच्या आड नांगर टाका, जेवा आणि दोघंही झोप काढा. संध्याकाळी साडेपाच-सहाला निघा. ४ नॉटने रात्री २ च्या सुमारास खडकांच्या बाहेर असाल, मतलई हाताशी असेल, आणि साडेनऊ-दहाला लख्ख उजेडात देवगड. दिवस पौर्णिमेनंतरचा धरला तर चंद्र सूर्यास्तानंतर थोडा उशिरा उगवतो पण सकाळपर्यंत साथ देतो. आधीच्या द्वादशी-त्रयोदशीला तो पहाटेआधीच मावळतो, म्हणजे थकलेल्या वेळेलाच काळोख.

शांत तासांत इंजिन लागणार हे धरून पेट्रोल घ्या. तासाला दोन-अडीच लिटर मोजा आणि पूर्ण रात्रीचं जवळ ठेवा. निघण्याआधी इन्कॉईसचा (समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था) लाटांचा अंदाज बघा. या दिवसांत अरबस्तानाकडच्या वाऱ्याने उठलेल्या वायव्येच्या लाटा इथपर्यंत येतात, आकाश निरभ्र असतानाही.

सुकाणू वास्को

तांडेलांच्या वाटेबद्दल मला काही जोडायचं नाही. मी दोघांच्या होडीबद्दल बोलते, कारण माझ्या बहुतेक रात्री तशाच गेल्या आहेत.

अंधार पडण्याआधी मोठं शीड एक पट्टा आखडून लहान करून टाका, वारा असो नसो. रात्री एकट्याने पुढे जाऊन शीड आखडायची वेळ येऊच देऊ नये. लाईफ जॅकेटवर हार्नेस (दोरी अडकवायचे अंगावरचे पट्टे), आणि सूर्यास्तापासून बाहेर बसलेला माणूस दोरीने बांधलेला, हा नियम. आत झोपलेल्याला उठवल्याशिवाय सुकाण्यावरच्याने कॉकपिट (सुकाण्यापाशी बसायची जागा) सोडायचं नाही. रात्री एकजण पाण्यात पडला आणि दुसरा झोपेत असला तर शोधणार कोण?

पाळी दोन-दोन तासांची ठेवा. तीन तासांची पहिल्या रात्री झेपत नाही, पहाटे ३ ते ५ मध्ये डोळे आपोआप मिटतात. बसलेल्या माणसाला क्षितिज जेमतेम ३ मैलांवर असतं. मोठ्या जहाजाचे दिवे त्याआधी दिसतात, पण १५ नॉटने येणारं जहाज ३ मैल १२ मिनिटांत संपवतं. म्हणून दहा मिनिटांत एकदा तरी उभं राहून चौफेर बघा, मागेसुद्धा. एखाद्या दिव्याचा कोन कंपासवर बदलत नसेल आणि तो मोठा होत असेल, तर धडकेची वाट आहे. वेळेत दिशा बदला, आणि समोरच्याला कळेल एवढी बदला. जहाजाच्या दोन बाजूंचे लाल आणि हिरवा दोन्ही दिवे एकत्र दिसले तर तो थेट तुमच्याकडे येतोय. हिरव्याखाली पांढरा दिवा म्हणजे जाळं ओढणारा ट्रॉलर, त्याच्या मागून जाताना भरपूर जागा सोडा.

इंजिन चालू असताना डोलकाठीच्या टोकाचा तिरंगी दिवा (लाल, हिरवा, पांढरा एकत्र, फक्त शिडावर चालताना लावायचा) बंद करून खालचे बाजूचे दिवे आणि पुढचा पांढरा लावायचा. बॅटरी लाल काचेची वापरा, पांढऱ्या उजेडानंतर डोळे पुन्हा अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं जातात.

बेतीकाठ

दोघांचेही मनापासून आभार. भावाला वाचायला दिलं, दिव्यांच्या रांगेची गोष्ट त्याला लगेच पटली. एक राहिलं: रात्री जाळं इंजिनच्या पंख्यात अडकलं तर?

मालवणी तांडेल

इंजिन ताबडतोब बंद. तुमचं आउटबोर्ड आहे, ते वर उचलता येतं, ही मोठी सोय. सुरी दोरीला बांधून मागच्या बाजूला हाताशी ठेवा आणि होडीतूनच जितकं सुटेल तितकं सोडवा. रात्री पाण्यात कोणीही उतरायचं नाही, शांत असलं तरी. जाळ्यात पाय अडकला तर वर काढायला दुसऱ्याची ताकद पुरत नाही. शक्य तेवढं जाळं सोडवाच, कापणं शेवटचा उपाय, त्यावर कुणाचं तरी घर चालतं. जवळपास मालकाची होडी असतेच. बॅटरी दाखवा, हाक मारा, तो येतो आणि तुमच्यापेक्षा लवकर सोडवून देतो.

व्हीएचएफ रेडिओ १६ नंबरच्या चॅनलवर चालू राहू दे. तटरक्षक दलाचा मदतीचा नंबर १५५४ फोनमध्ये आणि आईजवळच्या कागदावरही लिहून ठेवा. कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या कार्यालयात आधी कळवा, ओळखपत्रं आणि होडीचे कागद बरोबर घ्या. आणि घरी सांगताना पोचायची वेळ दुपारी १ सांगा. मतलई उशिरा सुटली तर तुम्ही घाई करू नये, आणि घरच्यांनी दहा वाजताच घाबरू नये.