डेथ व्हॅलीत मोटरसायकलवर तीन दिवस: रेसट्रॅकपर्यंत जमेल का?

अर्धीटाकी:

नमस्कार मंडळी. मी आणि माझा मावसभाऊ मेच्या शेवटच्या आठवड्यात कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅली नॅशनल पार्कमध्ये तीन दिवस फिरायचं म्हणतोय. दोन गाड्या, दोन्ही भाड्याच्या, लास वेगासहून उचलणार. टाक्या साधारण 14 लिटरच्या, डांबरावर लिटरला 20 किलोमीटर धरलंय. हायवेचा सराव दोघांनाही भरपूर. कच्च्या रस्त्यावर माझं बरं चालतं, भावाचं जेमतेम.

बेत असा: पहिल्या दिवशी पाहरम्प गावावरून फर्नेस क्रीक (पार्कातला आमचा मुक्काम), संध्याकाळी बॅडवॉटर, म्हणजे ते मिठाचं सखल मैदान. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून युबेहीबी हे ज्वालामुखीचं विवर आणि तिथून रेसट्रॅक, म्हणजे ते दगड आपोआप सरकतात ते कोरडं तळं. तिसऱ्या दिवशी दान्तेज व्ह्यू हा उंचावरचा पॉइंट करून परत. तंबू बरोबर असेल.

पेट्रोल पुरेल का? पाणी किती न्यावं? आणि रेसट्रॅकचा रस्ता भावाला झेपेल का? विवरापासून 43 किलोमीटरच आहे, त्यामुळे हळूहळू गेलं तरी होईल असं वाटतंय. उन्हाळा आहे म्हणून पूर्ण जाळीची जॅकेटं घेतोय.

मागचंचाक:

त्या 43 किलोमीटरनी मलाही असंच फसवलं होतं. नकाशात तो आकडा अगदी निरुपद्रवी दिसतो.

आम्हीही दोघंच होतो. महिना फेब्रुवारी, हवा छान, गाड्या स्वतःच्या. फर्नेस क्रीकहून आठला निघालो, साडेनऊपर्यंत विवराशी. तिथे डांबर संपतं आणि पन्हाळी पत्रा अंथरल्यासारखा रस्ता सुरू होतो. ताशी 25 नी गेलात तर दातांपासून आरशांपर्यंत सगळं खडखडतं. 60 नी गेलात तर चाकं उंचवट्यांच्या माथ्यावरून तरंगत जातात, खडखड थांबते, पण पुढच्या चाकाची जमिनीशी ओळख राहत नाही. मित्र हळू जात होता, मी वेगात. दोघांनाही आपलंच बरोबर वाटत होतं.

त्या रस्त्याचा खरा त्रास म्हणजे खडी. गोल नाही, धारदार. निम्म्याहून जास्त अंतर गेल्यावर माझं मागचं टायर फाटलं. खिळा घुसला तर भोक गोल पडतं आणि एक प्लग, म्हणजे रबराची गुंडी, घातला की काम होतं. इथे चीर होती. एक प्लग घातला, हवा भरली, फुस्स. दुसरा घातला, तेच. तिसरा त्या दोघांच्या मध्ये कोंबला तेव्हा कुठे हवा धरली. त्यात सव्वा तास गेला. त्या वेळात आमच्या बाजूने एकच जीप गेली. त्या लोकांनी थांबून विचारपूस केली, पाण्याची बाटली दिली, पण मोटरसायकलच्या टायरचं त्यांच्याकडे काय असणार?

पुढे टीकेटल जंक्शन लागतं. फाट्यावरच्या पाटीला लोकांनी किटल्या लटकवून ठेवल्यात, दहा-वीस तरी असतील. तिथून रेसट्रॅक नऊ-दहा किलोमीटर. घड्याळात सव्वा वाजला होता, आणि सकाळी निघताना आम्ही ठरवलं होतं की कुठेही असलो तरी एकला मागे फिरायचं. मित्र म्हणाला, "अरे दहाच किलोमीटर." मी टायरला हात लावून बघितला आणि गाडी वळवली. तो माझ्याशी विवरापर्यंत बोलला नाही. येताना दोनदा हवा भरावी लागली, डांबर लागलं तेव्हा साडेचार झाले होते आणि मुक्कामाला पोचलो तो अंधारात. रेसट्रॅक मी अजून पाहिलेला नाही.

आता तुझे प्रश्न. फर्नेस क्रीक ते रेसट्रॅक 83 मैल, जाऊन येऊन 166, म्हणजे साधारण 267 किलोमीटर. मध्ये पंप नाही. 14 लिटर गुणिले 20 म्हणजे 280. कागदावर पुरतं. पण त्या रस्त्यावर गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चालते, तिथे 20 विसर. पार्कमध्ये पेट्रोल तीनच ठिकाणी: फर्नेस क्रीक, स्टोव्हपाइप वेल्स आणि पॅनामिंट स्प्रिंग्ज. भाव बघून तोंड वाकडं होईल, तरी प्रत्येक ठिकाणी टाकी भरायची. अर्धी असली तरी. (तुझं नाव वाचून जरा काळजीच वाटली.)

भावाबद्दल: डांबरावर चांगला चालवणारा माणूस खडीवर पुढचा ब्रेक दाबतो आणि हँडल आवळून धरतो. हे सोडायला शिकायचं तर घराजवळच्या एखाद्या खडीच्या रस्त्यावर शीक म्हणावं, जिथे पडला तर फोन लागतो. डेथ व्हॅलीत फोन बहुतेक ठिकाणी लागत नाही. उपग्रहावरून संदेश जाणारं यंत्र बरोबर हवं, आणि ते बॅगेत नको, अंगावर हवं. गाडी एकीकडे आणि तू दुसरीकडे पडलास तर बॅगेतल्या यंत्राचा काय उपयोग?

दगड सरकताना दिसतील ही आशाही सोड. 2013 च्या डिसेंबरात शास्त्रज्ञांनी ते पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिलं आणि 2014 मध्ये प्रसिद्ध केलं. तळ्यात उथळ पाणी साचतं, रात्री त्यावर काचेसारखा पातळ बर्फ धरतो, उन्हं आली की त्याच्या लाद्या फुटतात आणि हलक्या वाऱ्याने त्या लाद्या दगडांना ढकलतात. मेमध्ये तुला दगड आणि त्यांच्यामागची रेघ एवढंच दिसेल. तेही बघण्यासारखं आहे म्हणतात, मी काय सांगणार.

सावलीशोधक:

मागचंचाक यांनी रस्त्याबद्दल सांगितलं, ते योग्यच. पण मला तारखेची जास्त भीती वाटते.

मेमध्ये फर्नेस क्रीकचं दिवसाचं सरासरी कमाल तापमान 38 अंशांच्या आसपास असतं, आणि शेवटचा आठवडा म्हणजे महिन्याचं सगळ्यात तापलेलं टोक. 10 जुलै 1913 ला तिथे 56.7 अंश नोंदवले गेले, तो आकडा सगळ्यांना माहीत असतो. मला 2024 चा जुलै जास्त महत्त्वाचा वाटतो. सहा मोटरसायकलस्वार बॅडवॉटरच्या भागातून चालले होते, त्या दिवशी पारा 53 अंशांवर होता. त्यांच्यातला एक उष्णतेने गेला, दुसऱ्याला लास वेगासच्या रुग्णालयात न्यावं लागलं. हेलिकॉप्टर येऊ शकलं नाही. हवा इतकी तापली की विरळ होते आणि पंख्याला पुरेसा आधार मिळत नाही. साधारण 49 अंशांच्या वर तिथे हेलिकॉप्टरची मदत धरायचीच नाही.

आता जाळीचं जॅकेट. 30 अंशांत ते स्वर्ग आहे. पण आपली त्वचा साधारण 34-35 अंशांची असते. हवा त्याहून गरम झाली की वारा अंगाची उष्णता नेत नाही, उलट आणून देतो. तरीही घाम उडतो म्हणून काही वेळ बरं वाटतं, पण तिथली हवा इतकी कोरडी की घाम दिसायच्या आत उडून जातो. तुम्ही म्हणता, "मला तर घामच येत नाहीये," आणि तासाभरात लिटरभर पाणी गेलेलं असतं. मी 42 अंशांत पूर्ण जाळी घालून दोन तास चालवलंय, दुसऱ्या एका वाळवंटात. शेवटी एका वळणावर मला कोणता गिअर आहे हेच आठवेना. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती. फक्त साधी गोष्ट सुचत नव्हती. तेव्हापासून 38 च्या वर माझं जॅकेट बंद असतं, मनगटाशी आणि मानेशी थोडी फट, आत पाण्यात भिजवलेला सुती शर्ट. वारा बेताचा लागतो, शर्ट हळूहळू वाळतो आणि तेवढा वेळ अंग गार राहतं. प्रत्येक थांब्यावर तो पुन्हा भिजवायचा. लोक बघतात, बघू देत.

पाणी: पार्क प्रशासन माणशी दिवसाला किमान एक गॅलन म्हणजे जवळपास चार लिटर सांगतं. ते पिण्याचं. शर्टाचं वेगळं, गाडी बंद पडली तर दुसऱ्या दिवसाचं आणखी वेगळं. नळीची पिशवी पाठीवर घ्या, म्हणजे हेल्मेट न काढता घोट घेता येतो. बाटली बॅगेत असली की माणूस "पुढच्या थांब्यावर पिऊ" म्हणतो. आणि नुसतं पाणी ढोसू नका, क्षारही हवेत.

मला विचाराल तर मे नकोच. नोव्हेंबर ते मार्च जा.

नट_बोल्ट:

भाड्याचा करार वाचला का? बहुतेक करारांत कच्च्या रस्त्यावर गाडी न्यायला मनाई असते. नेली तर विमा गेला, वर तिथून गाडी उचलून आणायचा खर्च तुमचा. रेसट्रॅकहून टो म्हणजे तुमच्या तिकिटाइतके पैसे जातील. बघायचंच असेल तर त्या एका दिवसापुरती जाड टायरांची उंच जीप बघा.

अर्धीटाकी:

करार आत्ता वाचला. नट_बोल्ट बरोबर आहेत, बारीक अक्षरात स्पष्ट लिहिलंय की डांबर सोडायचं नाही. मी तीनदा सही करून बसलोय आणि ते वाचलंच नव्हतं.

भावाशी बोललो. तो गिअर न आठवण्याचा किस्सा वाचून स्वतःच म्हणाला की सुट्टी पुढे ढकलू. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा बघतोय. रेसट्रॅक रद्द. दुसऱ्या दिवशी त्याऐवजी स्टोव्हपाइप वेल्सवरून टाउन पास चढून पॅनामिंट स्प्रिंग्ज, तिथून पुढे फादर क्राउली पॉइंट आणि त्याच रस्त्याने परत. सगळं डांबर. बाकी बेत तोच. अजून काही चुकतंय का?

मागचंचाक:

टाउन पास साधारण 1,500 मीटर उंच आहे आणि दोन्ही बाजूंना उतार लांबलचक. उतरताना ब्रेकवर बसून राहू नका, खालच्या गिअरवर सोडा. वर बोचरी थंडी असेल आणि खाली ऊब. म्हणजे शर्ट भिजवायची गरज नाही, पण आतून घालायला एक थर लागेल. दान्तेज व्ह्यूलाही तेच. ते साधारण 1,670 मीटरवर आहे आणि बॅडवॉटर समुद्रसपाटीच्या 86 मीटर खाली. वरून बघितलं की ते पांढरं मीठ जवळजवळ पायाखाली दिसतं.

निघण्याआधी पार्कच्या वेबसाइटवर कोणते रस्ते बंद आहेत ते बघ, आदल्या रात्री. तिथे पाऊस नावाला पडतो, पण पडला तर रस्ते उचलून नेतो. 2023 च्या ऑगस्टमध्ये हिलरी वादळाने एका दिवसात जवळपास वर्षभराचा पाऊस पाडला आणि अख्खा पार्क ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद होता. मोबाइलच्या नकाशाला हे नेहमी कळतंच असं नाही. तो तुम्हाला जवळचा म्हणून एखादा कच्चा रस्ता सुचवेल, तेव्हा त्याचं ऐकायचं नाही. कागदी नकाशा ठेव. प्रवेशशुल्क कार्डानेच भरावं लागतं, रोख घेत नाहीत.

एक गोष्ट मात्र बदल. नोव्हेंबरात घड्याळं तासभर मागे गेलेली असतात, पाचच्या आतच सूर्य मावळतो. वेगासहून येऊन तंबू ठोकून संध्याकाळी बॅडवॉटरला गेलात, तर परतीचे 17 मैल अंधारात. रस्त्यावर दिवे नाहीत, आणि पार्कात रानगाढवं फिरतात. तिथे उष्णतेपेक्षा जास्त माणसं एकट्या गाडीच्या अपघातात जातात. रस्ता मोकळा, समोर कुणी नाही, अ‍ॅक्सिलरेटर आपोआप पिळला जातो.

म्हणून बॅडवॉटर दुसऱ्या दिवशी सकाळी कर. पूर्वेला डोंगर असल्यामुळे तिथे बराच वेळ सावली असते. मागच्या कड्यावर वरती समुद्रसपाटीची पाटी लावलीय, ती शोधायला भावाला सांग, पटकन सापडत नाही. परतताना आर्टिस्ट्स ड्राइव्ह लागतो. तो एकेरी आहे, दक्षिणेकडून शिरून उत्तरेला निघतो, म्हणजे तुमच्या वाटेवरच. वळणं आणि खोल चढउतार आहेत, पुढच्या चढापलीकडे काय आहे ते दिसत नाही. भावाला पुढे ठेव, त्याच्या वेगाने जा.

सावलीशोधक:

नोव्हेंबरातही चार लिटरच बरं का. थंडीत तहान लागत नाही, पण हवा तितकीच कोरडी असते.

अर्धीटाकी:

पाणी लिहून घेतलं. पहिल्या दिवशी फक्त तंबू आणि झोप. भाऊ पुढे जाणार म्हणून खूश आहे, आता सगळ्यांना सांगत सुटलाय की वाटाड्या तोच.

मागचंचाक:

असू दे. टाकी कुठे भरायची हे मात्र तू ठरव.