रबर बंपरच्या एमजीबीची उंची कमी करायची आहे: क्रॉसमेंबर बदलावा की स्प्रिंग?

माझ्याकडे पुनर्बांधणी पूर्ण झालेली रबर बंपरची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे आणि तिची उंची जुन्या क्रोम बंपरच्या गाडीइतकी खाली आणण्याचा विचार आहे. अमेरिकेतील बंपरविषयक नियमांपायी 1974 मध्ये कारखान्यानेच हे मॉडेल इंच-दीड इंच वर उचलले, आणि तेव्हापासून ते वळणावर अधिक कलू लागले, हे येथील जाणकारांना ठाऊक असेलच. मला मूळ उंची हवी आहे. जमिनीला टेकलेली गाडी छायाचित्रात कितीही शोभली, तरी ती नको.

खरा पेच पुढच्या बाजूचा आहे. आखूड कॉइल स्प्रिंग बसवणे सोपे, परंतु क्रॉसमेंबर (पुढचे सस्पेन्शन ज्यावर बसते तो आडवा तुळईसारखा भाग) तोच राहिल्याने खालच्या विशबोनचा (चाकाला धरणाऱ्या भुजेचा) कोन बदलतो, रोल सेंटर (वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) खाली जाते आणि बंप स्टॉपपर्यंतचे (सस्पेन्शनची वरची हालचाल थांबवणाऱ्या रबरापर्यंतचे) अंतर घटते. शिवाय या गाडीत लिव्हर शॉक ॲब्सॉर्बरची भुजाच वरच्या विशबोनचे काम करत असल्याने तिच्या हालचालीची कक्षाही सरकते. क्रोम बंपरच्या गाडीचा क्रॉसमेंबर बसवल्यास हे कोन मूळ रचनेप्रमाणे राहतील, मात्र मग स्टिअरिंग रॅक आणि कॉलमचा शाफ्ट एका रेषेत कसा आणावा, हा प्रश्न उभा राहतो. हा बदल कोणी प्रत्यक्ष केला असल्यास युनिव्हर्सल जॉइंटपाशी (शाफ्ट कोनात जोडणाऱ्या सांध्यापाशी) नेमके काय करावे लागले, ते सविस्तर सांगावे. स्प्रिंगची वेटोळी कापण्याचा सल्ला कृपया देऊ नये. कापलेले टोक आपल्या जागी नीट बसत नाही.

मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत. पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये ठोकळा घालून लांब यू-बोल्ट लावणे स्वस्त पडते, पण त्यामुळे जोरात वेग घेताना ॲक्सल पिळला जाण्याची प्रवृत्ती वाढते, म्हणून माझा कल कमी बाकाच्या नव्या पाट्यांकडे आहे. त्यांच्यासोबत शॉक ॲब्सॉर्बरची लिंकही (जोडदांडीही) आखूड करावी लागते का?

टायरच्या मापाचा फरक पडू नये म्हणून मी उंची चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजतो. क्रोम बंपरच्या गाडीची अशी पुढची आणि मागची मापे कोणाकडे असल्यास द्यावीत, तसेच नवे पाटे पूर्ण बसेपर्यंत आणखी किती खाली येतात, हेही कळवावे. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळणार आहे.