मदत हवी: शेतावरच्या कामाला कोणता एअर कॉम्प्रेसर घ्यावा? (निफाड)

बागवाला_निफाड: राम राम मंडळी. ट्रॅक्टर-पिकअपची हवा, रेडिएटर आणि फिल्टर झाडणं, वर्षातून एकदा अवजारांना रंग, एवढंच काम. सिंगल फेज आहे, संध्याकाळी व्होल्टेज 180 वर येतं. मीटरपासून शेड 30 मीटर. दुकानदार 1 एचपी, 24 लिटर, ऑइल-फ्री घ्या म्हणतो. ठिबकच्या लाइनीही त्यानेच फुंकून साफ होतील का?

फिटर_सातपूर: हवा-फिल्टरला पुरेल, रंगाला नाही. टाकी किती लिटरची यापेक्षा मिनिटाला हवा किती, ते बघा. पाटीवरचा सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा) बहुतेक वेळा पिस्टनच्या मापावरून काढलेला असतो. हातात त्याच्या 60-70 टक्केच येतो. दुकानातच टाकी रिकामी करून 7 बार दाबापर्यंत भरायला लावा आणि घड्याळ लावा. 24 लिटर गुणिले 7 म्हणजे 168 लिटर हवा. 2 मिनिटं लागली तर मिनिटाला 84 लिटर, म्हणजे जेमतेम 3 सीएफएम. साध्या स्प्रे गनला 5-6 तरी लागतात. 2 एचपी, बेल्टवाला, 50 लिटरच्या पुढचा घ्या. बेल्टवाल्याचा पंप सावकाश फिरतो, त्यामुळे कमी तापतो आणि कान किटत नाहीत. फक्त तेलाची पातळी बघत जा, आणि रोज काम संपलं की खालच्या कॉकमधून पाणी काढा.

वायरमन_ओझर: दादा, यात मशीनपेक्षा वायर आधी बघा. 2 एचपी चालताना साधारण 10 अँपिअर घेते, उठताना 50 च्या आसपास. 2.5 चौरस मिमी तांब्याच्या वायरीत 30 मीटरला त्या क्षणी 22 व्होल्ट वाटेतच जातात. मग 180 चे उरले 158. मोटर नुसती गुंगुं करते, उठत नाही, कपॅसिटर जातो. 4 चौरसची वायर टाका आणि संध्याकाळी चालवूच नका.

बागवाला_निफाड: धन्यवाद भाऊ. अंबडला जुना बेल्टवाला मिळतोय. काय तपासू?

फिटर_सातपूर: आधी टाकीचं पोट. खालून गंज, खड्डे किंवा वेल्डिंगचं ठिगळ दिसलं तर फुकटही नको. मग कटआउटपर्यंत, म्हणजे मोटर आपोआप बंद होईपर्यंत, भरू द्या. बंद होताना प्रेशर स्विचजवळ क्षणभर फुस्स होणं बरोबर; फुसफुस चालूच राहिली तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (टाकीतली हवा मागे येऊ न देणारा) गळतोय. तो बदलून मिळतो, पण तसाच चालवला तर मोटर दाबावर उठायला बघते आणि बसते. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून बघा, हवा सुटलीच पाहिजे.

ठिबक_दिंडोरी: ठिबकच्या पीव्हीसी मेन-सबमेन पाइपांमध्ये कॉम्प्रेसरची हवा अजिबात नको. पाणी दबत नाही, हवा दबते. पाइप फुटला तर तुकडे गोळीसारखे उडतात. एंड कॅप उघडून पाण्यानेच फ्लश करा, क्षार असतील तर आम्ल प्रक्रिया. आणि मागच्या टायरात पाणी भरलेलं असेल तर व्हॉल्व्ह वर आणूनच गेज लावा, नाहीतर गेजमध्ये पाणी शिरेल.