चाळीतला उन्हाळ कांदा मानेतून सडतोय, काय करू?

गिरणाकाठ:
राम राम मंडळी. एप्रिलअखेर काढलेला कांदा चाळीत भरलाय. पाऊस लागला आणि आठ दिवसांत खालून पाणी गळायला लागलं. वरून कांदा चांगला दिसतो, दाबला की मान मऊ. दुकानातून बुरशीनाशकाची पावडर आणून दोनदा धुरळली, काहीच फरक नाही. उरलेला माल वाचेल का?

चाळकरी:
दादा, एक कांदा उभा चिरून बघा. सालीखाली काळी भुकटी असेल तर बुरशी. पापुद्रे पाणचट, उकडल्यासारखे झाले असतील तर जिवाणूंची सड. जिवाणूला बुरशीनाशक लागू पडत नाही. खायच्या कांद्यावर आता कसलीही पावडर टाकू नका, कळकळीची विनंती आहे.

गिरणाकाठ:
चिरला. मधले दोनच पापुद्रे पिवळट-तपकिरी झालेत, बाहेरचे आणि गाभा चांगले. वास आंबूस.

मातीचीलेक:
मग ही आंबट सड वाटते. जिवाणूचं नाव बर्कहोल्डेरिया सेपेशिया. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या कांद्यावर वॉल्टर बर्कहोल्डर यांनी १९५० मध्ये तिचं वर्णन केलं, नावही त्यांच्यावरूनच पडलं. कांद्याचा एकेक पापुद्रा म्हणजे एकेका पातीचं बूड. जिवाणू ज्या पातीतून शिरतो तिच्याच पापुद्र्यात उतरतो, म्हणून शेजारचा पापुद्रा कोरडा राहतो. काढणीच्या सुमारास पाऊस झाला होता का?

गिरणाकाठ:
हो ताई. चार दिवस आधी अवकाळी झाला. पुन्हा येईल या धास्तीने पात हिरवी असतानाच कापली, तीही अगदी बुडाशी, आणि लगेच चाळ भरली.

चाळकरी:
ओली, उघडी मान म्हणजे जिवाणूला सरळ वाट. आता कोरडा दिवस बघून चाळ उकला. मऊ मानेचा एकही कांदा परत आत जाऊ देऊ नका. चांगला माल थर कमी करून पसरवा, चार-पाच फुटांवर उंची नको, खालून हवा खेळू द्या. आणि भावाची वाट बघू नका. वरून धड दिसणाऱ्या कांद्यातही सड असू शकते, पहिली प्रतवारी झाली की विका.

पुढच्या वर्षी निम्म्या माना पडल्या की काढणी. त्याआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडा, उशिरा युरिया देऊ नका, मान जाड राहते. काढलेला कांदा पातीसकट शेतातच तीन-चार दिवस सुकवा, एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल असा. मग इंचभर मान ठेवून कापा आणि सावलीत दहा-बारा दिवस ठेवा. आमच्याकडे मजुरांच्या घाईत हेच सावलीतले दिवस बुडतात, आणि नुकसान तिथेच होतं.

मातीचीलेक:
सडका कांदा उकिरड्यावर किंवा शेताच्या बांधावर टाकू नका. लांब खड्डा करून पुरा. निवडताना चिरलेला, खरचटलेला कांदाही बाजूला काढा, जिवाणू जखमेतूनही शिरतो.

गिरणाकाठ:
उद्या उघडीप दिसतेय. सकाळीच चाळ उकलतो, किती निघतो ते इथे लिहितो.